आचार्य धर्मानंद कोसंबी

गोव्यातील साखवाळ या खेड्यात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. तरुणपणी ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या महापुरुषाचा उपदेश मुळातून जाणून घेण्याची तळमळ त्यांना लागली.

१८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. लंकेत जाऊन पाली शिकले. पुढे त्यांनी संसार पुन्हा मांडला खरा. परंतु मधल्या वर्षांची झळ त्या माउलीने सोसली, हे विसरता येत नाही.

कलकत्ता व पुणे येथे त्यांनी पाली शिकविली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंशोधन केले. १९२९ मध्ये ते रशियातील लेनिनग्राड येथे अध्यापनासाठी गेले. या शहराला आज सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. तेथेच आदल्या वर्षी व्लादिमीर प्रॉप या विद्वानाचा रशियन लोककथांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. कथांतील पात्रे बदलली, तरी घटनांचा सांगाडा तोच राहतो, असे प्रॉपने दाखविले. कोसंबींची वाट निराळी होती. कथा प्रथम कोणत्या ग्रंथात आली आणि मागाहून तिच्यात कोणती भर पडली, याचा ते शोध घेत.

वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप राजवाडा सोडला, ही कथा कोणाला ठाऊक नाही? ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी तीच तपासली. ही कथा मुळात विपश्यी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची असून ती पुढे गौतमाला जोडली गेली, असे त्यांनी दाखविले. प्राचीन सुत्तांप्रमाणे सिद्धार्थाने आईवडील रडत असता, त्यांच्यादेखत गृहत्याग केला. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत, शस्त्रे उपसली जात. त्या कलहाचा उबग हेच गृहत्यागाचे कारण असावे, असे कोसंबींचे मत होते. बुद्धावर ज्याची निस्सीम भक्ती, त्यानेच ही लाडकी कथा बाजूला सारावी, याला मोठे धैर्य लागते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास सोसला. अखेरच्या दिवसांत ते वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले. तेथेच जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्यास जेमतेम दोन महिने उरले असता, त्यांचे देहावसान झाले.