कारखान्यांची डॉक्टरीणबाई

अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म १८६९ सालचा, अमेरिकेतला. डॉक्टर होऊन त्या शिकागोच्या गरीब वस्तीत राहिल्या आणि कामगारांची दुखणी त्यांना जवळून दिसली. १९१० पासून त्या स्वतः कारखान्यांत जाऊन शिशाच्या विषबाधेचा शोध घेऊ लागल्या. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवीदानाच्या मिरवणुकीत मात्र त्यांना जागा नव्हती! बाई डगमगल्या नाहीत. बेंझिनची वाफ रक्ताचा घात करते, हे १९२२ मध्ये त्यांनी ठणकावून मांडलं. तेव्हा कामगार आजारी पडल्यावरच कळायचं. आता शिफ्ट संपताना लघवी तपासली, की त्यातल्या म्युकोनिक आम्लावरून अंगात किती बेंझिन गेलं याचा अंदाज येतो, दुखणं जडण्याआधीच. १९७० मध्ये बाई गेल्या, तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या.