शाळा घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणाऱ्या सावित्रीबाई



सकाळी शाळेची घंटा होते, मुले ओळीने बसतात आणि गुरुजी हजेरीपट उघडून एकेक नाव पुकारतात. एखाद्या नावाला उत्तर येत नाही. त्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते आणि गुरुजी पुढच्या नावाकडे वळतात. हा प्रसंग आपण सर्वांनीच लहानपणी पाहिला आहे. परंतु ते मूल आज का आले नाही, हे त्याच्या घरी जाऊन कोण विचारतो? आणि ते मूल शाळेत येत होते, तेव्हा तेथे काय शिकत होते, हे त्याच्या आईबापांना कोणी सांगितले होते काय? आपण पुण्यात राहत असा, नगरला राहत असा की दूर जबलपूरच्या सराफ्यात, हे दोन प्रश्न आपल्या शेजारच्या शाळेलाही लागू आहेत. महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाचा आरंभ झाला त्या काळी हे प्रश्न फार बिकट होते. ज्या स्त्रीने ते आपले मानले, त्या सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राकडे आज आपण या दृष्टीने पाहू या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील होते. लहानपणी शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने त्यांना एक पुस्तक दिले, वाचता येत नसतानाही त्यांनी ते जपून ठेवले आणि पुढे सासरी नेले, अशी आठवण सांगितली जाते. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव त्या वेळी तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, आणि आपल्याला मिळालेली विद्या त्यांनी पत्नीला घरीच देण्यास प्रारंभ केला.

येथे एका परदेशी शिक्षिकेचे स्मरण करणे उचित होईल. सिंथिया फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या. पुढे १८३९ मध्ये त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. इतकी वर्षे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. नगर येथील त्यांच्या शाळा पाहूनच मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा जोतीरावांना झाली. सावित्रीबाईंनीही नगरला फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या अध्यापनवर्गात शिकविण्याचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिक्षकाने पाठ कसा द्यावा हे तर त्या शिकल्याच. पण ज्या घरांतून मुलगी पाठविण्याची इच्छाच नाही, त्या घरांचे मन कसे वळवावे, हा पाठ कोणत्याही वर्गात पुरा होत नाही. तो त्यांना पुण्याच्या पेठांतून फिरतच शिकावा लागला.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. वाचकहो, त्या काळच्या एखाद्या आईच्या जागी आपण स्वतःला क्षणभर ठेवून पाहावे. लिहावयास शिकलेल्या बाईच्या नवऱ्याच्या ताटातील अन्नाच्या अळ्या होतात, असे तिला सांगितले जात होते. मुलगी घराबाहेर गेली तर पाणी कोण भरणार आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, ही अडचण तर रोजचीच होती. शिवाय त्या शाळेच्या चार भिंतींआड काय चालते, हे तिने कधी पाहिलेले नव्हते. जे पाहिले नाही त्याविषयी जी अफवा कानी येईल, तीच खरी वाटते. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई आणि म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत असत, ही हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या विरोधामागे दुष्टपणा होता, त्याचप्रमाणे अज्ञानातून आलेले भयही होते. दुष्टपणाला त्यांनी धैर्याने तोंड दिले. भय दूर करण्यासाठी मात्र नुसते धैर्य पुरेसे नव्हते. त्यासाठी घरोघर जाऊन समजावणे आवश्यक होते.

या कार्यामुळे १८४९ मध्ये दोघांना सासरे गोविंदराव यांचे घर सोडावे लागले. त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. त्यांच्या कुटुंबातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या अध्यापनातील सहकारी झाल्या. मध्यंतरी शाळेचे काम खंडित झाले, पण ते संपले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या होत्या. थोड्याच काळात ती संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. सावित्रीबाई मुख्य शिक्षिका म्हणून काम पाहत आणि त्याचे वेतन घेत नसत.

आठाच्या अठ्ठेचाळीस मुली कशा झाल्या, याचा आपण विचार करावा. त्या काळी मुलीला शाळेत घातलेच पाहिजे असा कोणताही कायदा नव्हता. मुलगी शिकली म्हणून नोकरी मिळेल अशी आशाही नव्हती. एका घराने दुसऱ्या घराला सांगितले आणि शिक्षिकेने घरच्यांना विश्वास दिला, याखेरीज ही वाढ होण्यास दुसरा मार्ग दिसत नाही.

शाळेचे अंतरंग लोकांना दाखविण्याचे एक मोठे साधन म्हणजे जाहीर परीक्षा. आज परीक्षा म्हटली की बंद खोली आणि गुप्त प्रश्नपत्रिका आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या काळची परीक्षा याच्या उलट होती. सभेपुढे मुलींना उभे करून वाचावयास सांगत, हिशेब घालीत, प्रश्न विचारीत, आणि उत्तर सर्वांच्या कानी पडे. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी फुले यांच्या शाळांची अशी परीक्षा झाली. पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १८५३ रोजी, पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा २३७ मुली उपस्थित होत्या आणि ती पाहण्यासाठी तीन हजारांहून अधिक लोक लोटले होते. ज्या नगरीत पाच वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेचे नाव काढणेही कठीण होते, तेथे हे घडले. ज्या बापाने आपली लेक लोकांसमोर स्वच्छ वाचताना ऐकली, त्याला शाळेत काय चालते हे निराळे सांगण्याची गरज उरली नाही. मध्यंतरी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. तो मेजर कँडी यांच्या हस्ते झाला. इंग्रजी-मराठी कोशामुळे मराठीच्या अभ्यासकांना हे नाव सुपरिचित आहे.

दुसरे साधन वृत्तपत्रांचे. १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेल्या ज्ञानोदय या ख्रिस्ती पत्राने या शाळांची दखल घेतली. १८५३ मध्ये या कार्याची हकिकत त्यात आली. १८५५ साली तर त्याच पत्राने फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन अंकांतून छापला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आजही वाचकाला अस्वस्थ करतो. शाळेत काय शिकवितात, असा प्रश्न कोणी केला असता तर त्याचे उत्तर एका विद्यार्थिनीनेच छापील अक्षरांत दिले होते. ज्यांना वाचता येत होते त्यांनी ते वाचले असेल, आणि ज्यांना येत नव्हते अशा कित्येकांनी ते दुसऱ्याकडून ऐकले असेल.

सावित्रीबाईंना आपल्या शाळेची किती काळजी होती, हे त्यांच्या एका पत्रावरून कळते. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्या आजारातून उठत असताना माहेरी, नायगावी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिताना आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची त्यांनी आठवण काढली आहे. मुलांची गैरहजेरी मोजणाऱ्या शिक्षिकेला स्वतःची गैरहजेरीही बोचत होती.

या कार्याला अपयश आलेच नाही, असे मात्र आपण समजू नये. १८५७ च्या उठावानंतर युरोपियन लोकांकडून येणारी वर्गणी आटली आणि शाळा चालविणे अवघड झाले. गरीब घरांतील मुले शाळेत टिकत नाहीत, हे दुखणे तर कायम होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यात या दुखण्याचे निदान स्पष्ट शब्दांत आहे. शेतकऱ्याला गुरे राखण्यासाठी आणि शेताची राखण करण्यासाठी मुलांची गरज लागते, दारिद्र्यामुळे मुले फार दिवस शाळेत राहत नाहीत, आणि एखादे हलके काम मिळताच शाळा सोडतात, असे त्यांनी नमूद केले. म्हणून शिष्यवृत्त्या द्याव्यात, सहामाही वा वार्षिक बक्षिसे ठेवावीत आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मुलाच्या गैरहजेरीचा दोष त्यांनी मुलावर ठेवला नाही. घराची स्थिती जाणून न घेता हजेरीविषयी बोलणे व्यर्थ आहे, हा त्या निवेदनाचा सारांश म्हणता येईल. आणि घराची ही स्थिती त्यांना ज्या अनुभवातून कळली, त्यात सावित्रीबाईंचा वाटा अर्धा होता.

त्या मागणीला न्याय मिळण्यास फार काळ लागला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शिक्षकाने पालकांच्या सभा नियमितपणे घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्याची प्रगती यांविषयी त्यांना माहिती द्यावी, हे तेथे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशीही तरतूद आहे. सावित्रीबाईंच्या काळी जे काम एका बाईच्या पायांवर आणि जिभेवर अवलंबून होते, ते आता कायद्याच्या पुस्तकात आहे. परंतु कायदा उंबरा ओलांडून कोणाच्या घरी जात नाही. तेथे माणसालाच जावे लागते.

उत्तरायुष्यातही सावित्रीबाई घरोघरच्या दुःखापासून दूर राहिल्या नाहीत. फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची त्यांनी आपल्या घरी सोय केली आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८७७ च्या दुष्काळात त्या अन्नान्न झालेल्यांसाठी झटल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले, त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे चालविले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. मुंढव्याच्या वस्तीत गायकवाडांचा लहान मुलगा आजारी असल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आल्या, असे सांगतात. त्यांनाही तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या मुलांसाठी परक्या घरांच्या पायऱ्या चढण्यास आरंभ केला होता, त्यांचा अंतही एका मुलाला त्याच्या घरातून आणतानाच झाला.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक शिक्षक आहेत, कित्येक पालक आहेत, आणि काही मंडळींच्या शाळांचे कारभार पाहतात. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो, हे योग्यच आहे. परंतु आपल्या शाळेच्या हजेरीपटावर गेला आठवडाभर ज्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत आहे, ते घर कोणत्या गल्लीत आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल, तर आज सायंकाळी शाळा सुटल्यावर तिकडे जाऊन यावे. मुलाला रागे भरण्यासाठी जाऊ नये. त्याच्या आईजवळ घटकाभर बसावे, ते शाळेत काय छान करते ते तिला सांगावे, आणि मग ते का येत नाही, हे तिच्याकडून ऐकून घ्यावे.