आईचं एक पाऊल, गुरुजींचं पुढचं पाऊल



शाळा सुरू झाल्यात. नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली असतील, दप्तरं भरली असतील. अशा वेळी दरवर्षी ११ जून येतो. साने गुरुजींची पुण्यतिथी. म्हणून या वेळच्या थोरांच्या ओळखीत गुरुजी. रात्री जेवणं झाल्यावर एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, अशी विनंती. लहान मुलं जवळ बसलेली असू द्यात, कारण ही गोष्ट त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

*पालगडचा पंढरी*

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. घराणं खोतांचं, म्हणजे नाव मोठं. पण वडिलांच्या काळात कर्ज वाढत गेलं आणि घरची परिस्थिती बसत गेली. आई यशोदाबाई. शाळेत जाऊन फार शिकलेली बाई नव्हे, पण मुलाला कसं घडवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे 'श्यामची आई'मध्ये गुरुजींनी तिच्या आठवणी सांगितल्या. पुस्तक घरोघरी आहे, आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमाही अनेकांनी पाहिलाय. तरी त्यातल्या तीन गोष्टी आज पुन्हा आठवू या.

पहिली गोष्ट पायांची. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहान श्याम हट्ट धरायचा. आई आपला पदर दगडावर पसरायची आणि तो त्यावर पाय ठेवायचा. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. पायाला घाण लागू नये म्हणून इतका जपतोस, तसा मनालाही जप, हे तिने त्याच वेळी त्याच्या कानावर घातलं. ओरडली नाही की लांबलचक प्रवचन दिलं नाही. हातातलं काम चालू ठेवूनच तिने चारित्र्याचा पहिला धडा दिला.

दुसरी गोष्ट कळ्यांची. देवाला फुलं हवीत, आणि इतर मुलांच्या आधी ती आपल्याला मिळायला हवीत, म्हणून श्याम उमलायच्या आतच कळ्या तोडून आणायचा. आईला ते खपलं नाही. फूल झाडावर उमलू द्यावं, मग तोडावं. न उमललेलं तोडणं म्हणजे त्या कळीचं आयुष्य अर्ध्यातच खुडणं, हे तिने त्याला समजावलं. तेव्हा पर्यावरण हा शब्द त्या घरात कोणी ऐकलाही नसेल. पण आपल्या घाईपायी, आपल्या हावेपायी सृष्टीकडून ओरबाडून घ्यायचं नाही, हे त्या मुलाच्या मनात कायमचं रुजलं. आणि विशेष म्हणजे कळ्या देवासाठी तोडल्या होत्या! चांगल्या हेतूनेही चुकीचं काम होतं, हे त्या माउलीने ओळखलं.

*मोळीची गोष्ट*

तिसरी गोष्ट जरा सावकाश वाचा.

उन्हाची वेळ. लाकडाची मोळी विकायला निघालेली एक म्हातारी बाई. त्या काळच्या भाषेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली. मोळी खाली पडली आणि तिला ती एकटीने डोक्यावर घेता येईना. लोक जात-येत होते, पण हात लावायला कोणी तयार नव्हतं. श्यामच्या आईने हे पाहिलं आणि मुलाला जाऊन मोळी उचलून द्यायला सांगितलं. श्याम गेला, त्याने मोळी उचलून दिली.

पण त्याबरोबर आईने आणखी एक सांगितलं होतं. परत आल्यावर आंघोळ कर.

गुरुजींनी ही आठवण लिहिताना आंघोळीचा भाग गाळला नाही. आईवर एवढं प्रेम, तरी तिला तिच्या काळापेक्षा मोठी करून दाखवली नाही. ती शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातली बाई. गावाच्या नजरा झेलून तिने एक पाऊल पुढे टाकलं, आणि तिथवरच ती जाऊ शकली. पुढचं पाऊल मुलाने टाकायचं होतं. ते त्याने कसं टाकलं, ते आता पाहू.

१९१७ साली आई गेली. शिक्षणासाठी पांडुरंग तेव्हा घरापासून लांब होता. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्याने जन्मभर बाळगली.

*अंमळनेरचे गुरुजी*

शिक्षण पुरं करून, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून साने १९२४ मध्ये खानदेशात अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. जेमतेम सहा वर्षं ते तिथे होते. पण गुरुजी हे नाव त्यांना तिथेच चिकटलं, ते कायमचं.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं. कुणाची खोली अस्ताव्यस्त, कुणाचे कपडे भिजत पडलेले, कुणाच्या कंदिलाची काच काळी झालेली. वॉर्डन म्हटलं की छडी, दंड आणि शिस्तीचा फलक असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. गुरुजींनी यातलं काही केलं नाही. मुलं वर्गात गेली की ते खोल्या झाडायचे, अंथरुणं घडी करून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे, भिजत पडलेले कपडे धुऊन वाळत घालायचे. मुलं परत येऊन बघतात तर सगळं लख्ख! हे कोण करतं ते कळल्यावर मुलांना लाज वाटायला लागली, आणि हळूहळू ज्याची खोली तो झाडायला लागला.

मंडळी, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुरुजींनी मुलांना लाजवण्यासाठी हे केलं नाही. तसं असतं तर मुलांनी ते लगेच ओळखलं असतं. पोरं फार हुशार असतात, खोटं प्रेम त्यांना वासावरून कळतं. त्यांना खरोखरच त्या मुलांची आई व्हायचं होतं. आपल्या आईकडून मिळालं ते पुढे वाटायचं होतं.

वसतिगृहात ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवायचे. रोजच्या रोज स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. त्यात थोरांची चरित्रं, देशातल्या घडामोडी आणि कालच्या दिवसात वसतिगृहात काय चुकलं, काय चांगलं झालं तेही असायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या गटाचा रोजचा संदेश! फरक एवढाच की तो पुढे ढकललेला नसायचा, प्रत्येक अक्षर त्यांचं स्वतःचं असायचं. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही सुरू केलं.

१९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ आली. गुरुजींनी नोकरी सोडली आणि त्यात उडी घेतली. पुढची कितीतरी वर्षं तुरुंगाच्या वाऱ्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते भराभर लिहून घ्यायचे. आज आपण जी 'गीता प्रवचने' वाचतो, ती त्या लेखणीमुळे आपल्यापर्यंत पोचली. 'श्यामची आई' लिहिली गेली १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत.

*पंढरीच्या दारात*

आता ते पुढचं पाऊल.

पंढरपूरचा विठोबा म्हणजे सगळ्यांची माउली. पण १९४७ साल उजाडलं तरी दलित भाविकांना त्याच्या मंदिरात प्रवेश नव्हता. ज्या वारकरी परंपरेत चोखोबांचे अभंग गायले जातात, त्याच परंपरेत चोखोबांच्या लेकरांना पायरीशीच थांबावं लागत होतं. स्वातंत्र्य दारात आलंय आणि देवाचं दार बंद, हे गुरुजींना सहन होईना. त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण करायचं ठरवलं.

आधी लोकांची मनं तयार करावीत असं सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं. सेनापती बापटांसारखी मोठी माणसं बरोबर होती. गुरुजींनी ते मानलं. मग काही महिने ते गावोगाव फिरले. बरोबर सेवा दलाची कलापथकं, गाणी, सभा. कितीतरी गावांनी आपली देवळं आणि विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. पण पंढरपूरचं दार काही उघडेना.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. विरोध तर होताच. ज्यांना ते सर्वांत जास्त मानत, त्या गांधीजींनाही हा उपोषणाचा मार्ग पसंत नव्हता. तरी गुरुजी ढळले नाहीत. दहा दिवस चाललेल्या त्या उपोषणात त्यांची प्रकृती खालावत गेली. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. शेवटी मंदिर सर्वांना खुलं करण्याची कबुली मिळाली आणि उपोषण सुटलं.

जरा विचार करा. एका आईने मुलाला मोळीला हात लावायला पाठवलं आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगितलं. त्याच मुलाने पुढे ती आंघोळ नाकारली, आणि मोळी उचलणाऱ्या त्या बाईच्या लेकरांसाठी थेट विठोबाच्या दारात जाऊन बसला. यात आईचा अपमान नाही झाला. आईचं काम पुरं झालं.

*बाहेरगावच्या मराठी घरांसाठी*

आपल्यासारख्या लोकांसाठी गुरुजींनी आणखी एक ठेवा ठेवलाय. १९३० च्या सुमारास ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे दक्षिणेकडचे सत्याग्रही बरोबर होते. एकाच देशाची माणसं, पण एकमेकांची भाषा कळेना. गुरुजींना याचं वाईट वाटलं आणि ते तमिळ शिकायला लागले. पुढे त्यांनी तमिळमधला 'कुरल' हा प्राचीन ग्रंथ मराठीत आणला. त्यातूनच आंतरभारतीचं स्वप्न उभं राहिलं: प्रत्येक प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, चालीरीती प्रेमाने शिकाव्यात.

आपण बेळगावात कन्नड ऐकतो, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, गोव्यात कोंकणी. आपली मराठी तर जपायचीच. पण शेजाऱ्याची भाषा फक्त भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती येत असेल, तर ते गुरुजींना आवडलं नसतं.

*शेवट*

गांधीजींची हत्या झाली तेव्हा मारणारा महाराष्ट्रातला होता, या वेदनेने गुरुजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पण आतून मन फार थकलं होतं. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःहून या जगाचा निरोप घेतला. हे सांगताना जड जातं, पण लपवू नये. दुसऱ्यांची आई होणाऱ्या माणसालाही कधीतरी कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवायची गरज असते. आपल्या घरात कोणी मूल गप्प गप्प राहत असेल, कोणी मोठं माणूस आतल्या आत कुढत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. उपदेश नको, नुसतं ऐका. आणि फारच जड वाटत असेल तर डॉक्टरांकडे घेऊन जायला संकोच करू नका.

*या महिन्याचा घरचा अभ्यास*

१. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? खिडकीत उपडा घातलेला, कान तुटलेला? मुलं रोज तो कप बघतात. शाळेत समतेवर निबंध लिहून आलेलं मूल घरी तो कप बघून काय शिकत असेल? आज तो कप काढून टाका, आणि तो का काढला ते मुलांना सांगा.

२. 'श्यामची आई'त पत्रावळीचीही गोष्ट आहे. स्वतःची पत्रावळ स्वतः लावायला श्यामला शिकावंच लागलं. जेवण झालं की ती पानं मातीची माती. आणि आपण? महाप्रसादाला थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग मागे ठेवून येतो. पुढच्या कार्यक्रमाला निदान आपल्या घरचं ताट-वाटी पिशवीतून घेऊन चला, आणि जेवल्यावर मुलांना स्वतःचं ताट स्वतः धुऊ द्या.

३. शेजारच्या भाषेतलं एक गाणं किंवा गोष्ट मुलांना शिकवा. आपल्याला येत नसेल तर शेजाऱ्यांना घरी बोलवा. ते आनंदाने शिकवतील.

पहिला अभ्यास सगळ्यात सोपा दिसतो आणि तोच सगळ्यात अवघड आहे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. आपल्या आईवडिलांनी त्यांच्या काळात जेवढं जमलं तेवढं पाऊल टाकलं. त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्यांच्या पावलावर थांबूनही राहायचं नाही.

वाचून झाल्यावर मुलांना काय वाटलं ते आपापल्या गटात जरूर कळवा.

जय गुरुदेव 🙏