मूठभर ज्वारीचे छात्रालय

आमचे गुरुजी केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या बसायच्या जागा बदलल्या. हुशार मुलं पुढे न् बाकीची मागे, हे बंद. पाच-पाच जणांचे गट झाले. माझ्या गटात मेळघाटातून आलेला नवा मुलगा आला. त्याच्या घरी कोरकू बोलतात. त्याला मराठी वाचाले वेळ लागे, म्हणून आमचा गट नेहमी शेवटी राही. मले राग आला. मी जागा बदलून मागितली. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी मला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे चरित्र वाचून भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितले. ते हे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी आपल्या अमरावती जिल्ह्यात पापळ गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. पापळची शाळा झाल्यावर चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती. शिकण्यापायी लहानपणीच घर सुटलं. पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० साली थेट विलायत! तिथून ते बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन १९२६ मध्ये परत आले.

मला वाटलं, आता वकिली करून खूप पैसा कमावतील. पण त्यांनी अमरावतीत गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत. तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती, पाण्याच्या विहिरीसुद्धा वेगळ्या होत्या. मुलांना जेवू घालायला पैसा कुठला? म्हणून त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. घरोघरून मूठ-मूठ धान्य गोळा करायचं. मूठभर ज्वारी तर कोणाच्याही घरून निघते.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुल्या केल्या. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर देशाचे कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

पालकहो, वरचे ज्वारीच्या कणसाचे चित्र आमच्या गटातल्या त्या नव्या मुलानेच काढले आहे. खाली मुष्टिफंड हा शब्दही त्यानेच लिहिला, तीनदा खोडून. त्यातला ष्टि मलेही येत नव्हता. आम्ही दोघांनी तो फळ्यावर गिरवला.