डॉ. लूसी विल्स

इ. स. १९२८ च्या सुमारास मुंबईतील गोरगरीब स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या मजूर स्त्रियांना, गरोदरपणी एक घातक पंडुरोग जडत असे. चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालताच धाप लागे आणि कित्येकींना त्यात प्राणासही मुकावे लागे. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी त्या वर्षी एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. त्यांचे नाव डॉ. लूसी विल्स.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १९११ साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्यांनी दक्षिण आफ्रिकेत रुग्णशुश्रूषा केली. पुढे लंडनला परतून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

मुंबईत हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. रुग्ण स्त्रियांचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, पण आकाराने नेहमीहून मोठ्या दिसल्या. हा रोग जंतूंमुळे होत असावा काय, असा प्रथम संशय होता. पण तसा पुरावा मिळेना. मग लूसीबाईंनी आपले लक्ष रुग्णांच्या ताटाकडे वळविले. कोणत्या घरात काय शिजते, भाजीपाला, फळे व दूध कितपत मिळते, याची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहणी केली. ज्यांचा आहार अत्यंत निकृष्ट, त्यांच्यातच हा रोग अधिक, असे आढळून आले.

याची खात्री करून घेण्यासाठी तसाच आहार उंदरांना देण्यात आला. उंदीर पंडुरोगी झाले. पण त्यांच्या आजारास उवांतून पसरणारा एक जंतू कारणीभूत असल्याचे पुढे उघडकीस आले. एवढे श्रम घेतल्यावर असा पुरावा हातचा गेला, तर एखाद्याचा धीर खचला असता. लूसीबाईंनी मात्र वानरांवर नव्याने प्रयोग आरंभिले. तेथे यीस्टच्या अर्काचा, म्हणजे विलायतेत पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या स्वस्त मार्माइटचा, गुण आला. तोच अर्क रुग्ण स्त्रियांना देताच त्यांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, हे ठाऊक नसल्यामुळे त्यास ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

१९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. पुढे त्याच दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, ते कृत्रिम रीतीने तयार झाले. हाच तो विल्स घटक! आनुवंशिक गुण साठविणारे डीएनए हे द्रव्य पेशीने विभागण्यापूर्वी दुप्पट करावे लागते, आणि त्या कामी फॉलिक आम्ल लागते. ते अपुरे पडले की अस्थिमज्जेतील पेशी फुगतात, पण वेळेवर विभागत नाहीत. लूसीबाईंना दिसलेल्या त्या थोड्या व मोठ्या पेशींचे कोडे असे उलगडले.

लूसीबाईंची राहणी साधी होती. लंडनमध्ये त्या सायकलवरून रुग्णालयात जात. डोंगर व वनस्पती यांची त्यांना फार आवड. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही आहार व पंडुरोग यांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बालकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे बऱ्याच अंशी टळतात, हे १९९१ साली इंग्लंडात सिद्ध झाले. ते पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या देशात गरोदर मातांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. आपल्या घरी किंवा शेजारी अशी गोळी दिसली, तर मुंबईतील त्या मजूर मातांचे आणि त्यांच्या ताटात काय आहे हे आस्थेने विचारणाऱ्या लूसीबाईंचे स्मरण अवश्य करावे.