सहावीत शाळा सुटलेला मेकॅनिक, ज्याने ट्रकवर फ्रीज चढवला

मे महिना, बाहेर चाळीस डिग्री आणि नेमका त्याच दिवशी फ्रीज थंड करायचा बंद होतो. दूध नासतं, कालची भाजी टाकावी लागते, बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी आणि मेकॅनिक उद्याचा वायदा करून मोकळा.

घरातल्या एका फ्रीजने एवढा गोंधळ होतो. मग शेकडो मैल जाणाऱ्या ट्रकभर मालाचं काय होत असेल?

१९३८ पर्यंत अमेरिकेत उत्तर सोपं होतं. ट्रकमध्ये बर्फ आणि मीठ भरायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि निघायचं. वाटेत टायर फुटला किंवा ऊन जरा जास्त तापलं की बर्फाचं पाणी आणि मालाचा कचरा. रेल्वेच्या डब्यांनाही ठरावीक स्टेशनांवर थांबून नवा बर्फ भरावा लागायचा.

हे चित्र बदलणाऱ्या माणसाकडे कुठल्याच कॉलेजची पदवी नव्हती. त्याचं नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. बिघडलेली वस्तू उघडायची आणि ती का बिघडली ते शोधायचं, एवढीच त्याची शाळा.

झाडू मारायला आला आणि मेकॅनिक झाला

जोन्सचा जन्म १८९३ चा, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराच्या परिसरातला. आई लहानपणीच नजरेआड झाली. वडील रेल्वेत कामाला होते, त्यांना एकट्याने पोर सांभाळणं जमेना. त्यांनी मुलाला नदीपलीकडच्या केंटकी राज्यात एका कॅथलिक धर्मगुरूकडे ठेवलं.

तिथे राहायला छप्पर होतं, जेवण होतं, थोडीफार शाळा होती आणि साफसफाईची कामंही होती. पण पोराचं लक्ष सगळं यंत्रांकडे. शाळा सहावीच्या आसपास सुटली आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच तो सिनसिनाटीला परतला.

तिथे एका गॅरेजमध्ये त्याला काम मिळालं झाडू मारायचं. तेव्हा मोटारगाडी ही नवलाईची चीज होती आणि ती दुरुस्त करू शकणारी माणसं त्याहून दुर्मीळ. झाडता झाडता हा पोरगा मेकॅनिकच्या हाताकडे बघत राहायचा. काही वर्षांतच तो स्वतः गाड्या उघडून जोडायला लागला आणि मिसरूड फुटायच्या वयात गॅरेजमधल्या मोठ्या माणसांना काम सांगू लागला.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत काळ्या माणसाला कित्येक कारखान्यांत हमालीपलीकडचं काम मिळत नसे. इंजिनिअरिंग कॉलेजचं दार तर फारच लांब. जोन्सला रस्ता एकच होता. काम असं करायचं की समोरच्याला नाही म्हणता येऊ नये.

बर्फातलं गाव आणि रात्रीचा अभ्यास

१९१२ मध्ये जोन्स मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक या छोट्या गावी पोचले. कॅनडाच्या सीमेला लागून असलेला हा भाग. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जाऊन बसतो तो आठवडेच्या आठवडे. रेल्वेसम्राट जेम्स जे. हिल यांच्या कुटुंबाचं तिथे अवाढव्य शेत होतं. त्या शेतावरची यंत्रं सांभाळायचं काम जोन्स यांना मिळालं.

दिवसा ट्रॅक्टर आणि वाफेची इंजिनं, रात्री विजेवरची आणि यंत्रांवरची पुस्तकं. शिकवायला कुणी नव्हतं. पुस्तकात वाचलेलं सकाळी यंत्रावर करून बघायचं, चुकलं तर परत उघडायचं.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातून फ्रान्सला गेले. तिथेही विजेची कामं त्यांच्याकडेच आली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा हॅलॉकला परतले.

गावात मग एकच प्रकार सुरू झाला. काही अडलं की बोलवा जोन्सला. स्थानिक रेडिओ केंद्रासाठी त्यांनी ट्रान्समीटर बांधला. बर्फात डॉक्टरला पेशंटपर्यंत पोचता येईना, तर त्यांनी विमानासारखा पंखा लावलेली आणि चाकांऐवजी पट्ट्यांवर घसरणारी गाडी तयार केली. पेशंटला दवाखान्यात आणणं कठीण होतं म्हणून उचलून नेता येईल असं एक्स-रे यंत्र बनवल्याचंही त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्याचं पेटंट घ्यायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

सिनेमा बोलायला लागला

१९२० च्या दशकाच्या शेवटी मूकपट मागे पडले आणि बोलपट आले. आवाजाची यंत्रं महाग होती. हॅलॉकच्या थिएटरला ती परवडेनात. जोन्स यांनी भंगारातल्या वस्तू जमवून स्वतःच ती बनवली आणि आवाज चांगला येऊ लागला.

ही बातमी मिनियापोलिस शहरात जोसेफ न्युमेरो यांच्या कानावर गेली. न्युमेरो सिनेमाची यंत्रं बनवण्याच्या धंद्यात होते. १९३० मध्ये त्यांनी जोन्स यांना कामावर घेतलं. तिकीट आणि सुटे पैसे देणाऱ्या यंत्राचं पेटंट जोन्स यांना १९३९ मध्ये मिळालं. त्या आधीच एका ट्रकवाल्याच्या नुकसानीने त्यांचं आयुष्य दुसरीकडे वळवलं होतं.

चालत्या ट्रकवर फ्रीज का टिकत नव्हता?

न्युमेरोंच्या ओळखीच्या एका ट्रक व्यावसायिकाचा माल उन्हाळ्यात वाटेतच खराब झाला. ट्रकसाठी थंड करणारं यंत्र बनवता येईल का, असा विषय निघाला आणि न्युमेरोंनी ते काम जोन्स यांच्यावर सोपवलं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. आतल्या नळ्यांमध्ये गॅस उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या नळ्यांमधून ती उष्णता हवेत सोडली जाते. तोच गॅस परत आत येतो. हे चक्र चालू राहिलं की झालं.

घरात हे सोपं आहे, कारण फ्रीज एका जागी उभा असतो. ट्रक मात्र खड्ड्यांतून धावतो. आधी झालेल्या प्रयत्नांमध्ये यंत्रं हादऱ्यांनी खिळखिळी व्हायची, नाहीतर एवढी जागा खायची की माल ठेवायला जागाच उरायची नाही.

जोन्स यांनी पेट्रोल इंजिनावर चालणारं यंत्र बनवलं आणि हादरे सोसतील अशा पद्धतीने त्याचे भाग बसवले. पहिलं मॉडेल ट्रकच्या पोटाखाली होतं. ते चाललं, पण जड होतं आणि रस्त्यावरचा चिखल, धूळ, खडे थेट त्याच्यावर उडत होते. उष्णता बाहेर फेकणाऱ्या नळ्यांवर घाण बसली की थंडावा कमी होणारच. मग जोन्स यांनी यंत्र हलकं केलं आणि मालाच्या पेटीच्या पुढच्या भिंतीवर, वरच्या बाजूला नेलं. आज हायवेवर ड्रायव्हरच्या केबिनच्या वर चिकटवलेली जी पेटी दिसते, तिची जागा तेव्हा ठरली.

दुसरी अडचण इंजिनाची होती. ते सतत चालू ठेवलं तर पेट्रोल वाया जातं आणि माल गरजेपेक्षा जास्त गार होतो. जोन्स यांनी तापमान बघून इंजिन आपोआप बंद-चालू होईल अशी सोय केली आणि तिचं पेटंट घेतलं. पुढे १९५० मध्ये त्यांना थंड करणं आणि गरम करणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या यंत्राचंही पेटंट मिळालं. कडाक्याच्या थंडीत भाजीपाला गोठू नये म्हणून गरम करणंही तितकंच गरजेचं असतं.

न्युमेरोंनी सिनेमाच्या यंत्रांचा धंदा विकून टाकला आणि जोन्स यांच्यासोबत नवी कंपनी उभी केली. तीच पुढे थर्मो किंग म्हणून जगभर गेली.

तुमच्या फ्रीजलाही तेच आजार होतात

जोन्स यांना ट्रकवर ज्या गोष्टींशी झगडावं लागलं, घरातला फ्रीज बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच रुसतो. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतःला तपासता येतात. हात घालण्याआधी फ्रीजचा प्लग काढायचा, ही पहिली अट.

धूळ: मागच्या किंवा खालच्या काळ्या नळ्यांच्या जाळीवर धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही. कॉम्प्रेसर चालू राहतो, बिल वाढतं आणि आत थंडावा नाही. मऊ ब्रशने जाळी साफ करायची आणि फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढायचा. काही फ्रीजमध्ये ही जाळी पत्र्याच्या आत झाकलेली असते. तिथे फक्त हवेला जागा ठेवायची.

दाराचं रबर: दारात नोट अडकवून दार लावा आणि ओढून बघा. अलगद निघाली तर तिथून गरम हवा आत जाते आहे. आधी रबर कोमट साबणपाण्याने पुसा. फाटलं असेल तर बदला.

आतला बर्फ: फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढला की गार हवा फिरत नाही. फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्या. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. एक नळी फुटली तर गॅस गेला आणि खर्च हजारांत.

खाली साचणारं पाणी: मागच्या बाजूला वितळलेलं पाणी जाण्यासाठी छोटं भोक असतं. ते तुंबलं की भाजीच्या कप्प्यात तळं होतं. कोमट पाणी सोडून ते मोकळं करता येतं.

घरघर आवाज: फ्रीजचे पाय समपातळीत आहेत का, मागे भांडं टेकलंय का, ते आधी बघा. जोन्स यांचा हादऱ्यांशी झगडा इथे स्वयंपाकघरात आलेला असतो.

आपोआप बर्फ करणारं यंत्र बंद पडलं तर: पाण्याचा नळ चालू आहे का, फिल्टर तुंबलाय का, पाणी येणारी नळी आतच गोठलीय का आणि फ्रीजर उणे १८ डिग्रीच्या आसपास आहे का, हे चार प्रश्न आधी.

यापुढचं काम मात्र मेकॅनिकचं. गॅस गळती आणि कॉम्प्रेसर यांना घरी हात लावू नये. आजच्या अनेक फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो.

रक्ताच्या बाटल्यांपासून द्राक्षांपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात जोन्स यांच्या यंत्रांनी सैन्याचं अन्न, औषधं आणि जखमींसाठी लागणारं रक्त थंड ठेवलं. एके काळी वाटेत सडणारा माल हा व्यापाऱ्याचा तोटा होता. इथे प्रश्न माणसाच्या जीवाचा होता.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या रेफ्रिजरेशन इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं. त्या संस्थेचे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन सदस्य. सहावीच्या पुढे शाळा न पाहिलेला माणूस आता इंजिनिअरांच्या रांगेत बसत होता.

युद्धानंतर शीतवाहनांनी बाजारच बदलला. गोठवलेलं अन्न दूरवरच्या दुकानांत पोचू लागलं आणि हंगाम नसतानाही फळं मिळू लागली. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून युरोपात जातात, तेव्हा शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्टाचं पीकही याच कल्पनेच्या भरवशावर समुद्र ओलांडतं.

जोन्स यांच्या नावावर ६० हून जास्त पेटंट जमा झाली. त्यातली सुमारे ४० थंडाव्याशी संबंधित होती. २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये त्यांचं निधन झालं.

मोठा सन्मान यायला आणखी ३० वर्षं लागली. १९९१ मध्ये अमेरिकेने तंत्रज्ञानातलं राष्ट्रीय पदक जोन्स आणि न्युमेरो यांना मरणोत्तर दिलं. हे पदक मिळवणारे जोन्स पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले.

त्यांचा एकही शोध कोऱ्या कागदावर सुरू झाला नाही. प्रत्येकाच्या मुळाशी कुणाची तरी अडचण आणि बंद पडलेली किंवा न टिकणारी एखादी वस्तू होती. ती फेकून नवी आणण्याआधी त्यांनी ती उघडून पाहिली.