डावावरून उठलेला प्रधानपुत्र

एक तरुण डोळ्यांसमोर आणा. वडील राज्याचे प्रधान. घरी कशालाच कमी नाही, लग्नही झालेलं. त्याला द्यूताचा नाद लागला. एक दिवस तो असा हरला, की डाव संपला तरी देणं उरलं आणि जिंकणाऱ्यांनी पैशांसाठी तगादा लावला. घरी येऊन त्यानं बायकोकडे दागिने मागितले. तिनं दिले नाहीत.

ही बातमी आजच्या पेपरातली नाही, साडेसातशे-आठशे वर्षांपूर्वीची आहे. तरुणाचं नाव हरिपाळदेव, गाव गुजरातमधलं भडोच, बायकोचं नाव कमळाइसा. पुढे हेच हरिपाळदेव महाराष्ट्रात आले आणि चक्रधर स्वामी म्हणून ओळखले गेले. महानुभाव पंथ त्यांनी स्थापन केला, हे तुम्ही शाळेत वाचलंय. द्यूताचा भाग मात्र बहुतेकांच्या वाचनात आलेला नसतो.

पंथाची श्रद्धा अशी, की हरिपाळदेवांचं निधन झालं होतं, आणि द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला, म्हणून ते पुन्हा उठले. द्यूताचा प्रसंग त्यानंतरचा. आपल्याला इथं त्या प्रसंगापाशीच थांबायचंय, कारण कळंबमध्ये राहून तो आपल्याला परका नाही. दिवाळीत एखाद्या शेडमध्ये तिरट रंगतो. कुणाच्या मोबाईलवर रमी चालू असते. गोव्याच्या ट्रिपला गेलं की मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी खुणावतात. एकवीस पूर्ण असतील तर आत सोडतात, आणि पोकरच्या सगळ्यात कमी पैशांच्या टेबलावर बसताना वाटतं, एवढ्याशा रकमेनं काय होणार?

काय होतं, त्याचा हिशेब करून बघू. आपल्याकडच्या अड्ड्यावर जागेचा मालक दर डावाला नाल काढतो, तसंच पोकरच्या टेबलावर कॅसिनो प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. समजा, नऊ जण पाच-पाच हजार घेऊन बसले. टेबलावर झाले 45,000. तासाला तीस डाव झाले आणि दर डावाला सरासरी शंभर रुपये नाल गेली, तर तासाला 3,000 गेले. सहा तासांत 18,000. कोण जिंकलं, कोण हरलं हा प्रश्न पुढचा. नऊ जणांत मिळून आता 27,000 च उरलेत. आणि डाव जितका लहान, तितकी त्यातली नाल जास्त जड. मोठ्या टेबलावर हुशार खेळाडू ती भरून काढू शकतो, छोट्या टेबलावर चांगल्या खेळाडूचीही दमछाक होते.

आता भडोचला परत या. कमळाइसांनी दागिने दिले नाहीत, म्हणून त्यांना दोष देणारे पुष्कळ भेटतील. पण विचार करा, दागिने कुणाचे? त्यांचे. देणं कुणाचं? खेळणाऱ्याचं. त्यांनी नाही म्हटलं नसतं, तर कदाचित दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला गेला असता. देणं शेवटी वडिलांनी फेडलं. प्रधानाच्या घरात ते जमलं, सगळ्यांच्या घरात जमत नाही.

पैशांचा प्रश्न मिटला, पण मन उठलं ते उठलंच. ज्यांना आपलं म्हणायचं, त्यांच्या आणि आपल्यामध्ये पैसा आला की काय होतं, हे हरिपाळदेवांनी पाहिलं होतं. त्यांनी रामटेकच्या यात्रेला जायची परवानगी मागितली. वडिलांचा जीव होईना. अखेर सोबत माणसं देऊन त्यांनी मुलाला पाठवलं. वाटेत हरिपाळदेवांनी एकेक करून ती माणसं परत धाडली आणि एकटेच पुढे निघाले.

वाटेत रिद्धपूर लागलं. आज ते अमरावती जिल्ह्यात येतं. तिथं गोविंदप्रभू राहत. लोकांना ते वेडसर वाटत, पण हरिपाळदेवांना त्यांच्यात गुरू दिसला. इथून पुढे ते चक्रधर झाले. सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षं एकांतात काढली, असं परंपरा सांगते. नंतरची भटकंती पायी, भिक्षा मागून.

1267 च्या सुमारास ते पैठणला आले आणि त्यांच्याभोवती माणसं जमू लागली. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं, विद्वानांचा कारभार संस्कृतात चालायचा. चक्रधर मूळचे गुजराती, तरी मराठीत बोलले. जातीवरून माणूस उंच-नीच ठरवणं त्यांनी नाकारलं. बायकांना पंथाची दारं उघडली, विटाळ मानला नाही. महदाइसा त्यांच्याच शिष्या, मराठीतल्या आद्य कवयित्री. आणि ज्याच्या देण्यासाठी एकेकाळी घरचे दागिने मागावे लागले, त्या माणसानं शिष्यांना काही साठवून न ठेवता राहायला शिकवलं. पंथात दारू आणि मांसासोबत जुगारही वर्ज्य आहे.

1270 च्या दशकात ते उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्या शिष्यांत म्हाइंभट होते. हे श्रीमंत पंडित आधी चक्रधरांना वादात हरवायला आले होते आणि शिष्य होऊन राहिले. स्वामी गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ तयार झालं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा लिहिली.

इथं एक गोष्ट बघा. ज्यांना ते परमेश्वर मानत होते, त्यांच्या चरित्रातून द्यूताची हार गाळून टाकायला त्यांना दोन संधी होत्या. लिहिताना एक, पुन्हा लिहिताना दुसरी. त्यांनी ती गाळली नाही. आपण मात्र पाचशे रुपये हरलो, तरी मोबाईल उलटा करून ठेवतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे. राज्यात कॅसिनोला परवानगी देऊ शकणारा 1976 चा कायदा 2023 मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 मध्ये केंद्राच्या कायद्यानं बंदी आली. पण दिवाळीच्या रात्री शेडमध्ये कायदा आधी पोचत नाही, मित्र पोचतात.

म्हणून भडोचच्या प्रसंगातून एवढं तरी घ्या. हरिपाळदेवांचं देणं फिटलं, कारण ते घरी कळलं. हरलेलं भरून काढायला दुसऱ्याकडून उसने घेऊन ते पुन्हा डावावर बसले नाहीत. तुमच्या खोलीवरचा एखादा मित्र हल्ली सारखे हजार-दोन हजार मागत असेल, कारण विचारलं की विषय बदलत असेल, तर कमळाइसांसारखं नाही म्हणा. आणि त्याच संध्याकाळी त्याच्यासोबत बसून त्याच्या घरी फोन लावा. फोनवर पहिली पाच मिनिटं वाईट जातील. त्याला तेवढ्यापुरतं एकटं सोडू नका.